ठिबकाचे ॲसिड, कॉस्टिक आणि टीसीएल गावात विकायचे असेल तर

वरूड तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. ते ठिबक बसवण्याची कामे करतात. संत्र्याच्या बगीच्यात ड्रिपर क्षाराने बसले की शेतकरी ॲसिड मागतात आणि ते नागपूरहून आणावे लागते. म्हणून त्यांना गावातच दुकान टाकायचे आहे. ठिबकासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड, बॅटरीवाल्यांसाठी सल्फ्युरिक, सोनारांसाठी नायट्रिक, साबण करणाऱ्या बचत गटांसाठी कॉस्टिक सोडा आणि ग्रामपंचायतींसाठी टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर ठेवायचा विचार आहे. गुमास्ता आणि जीएसटी नंबर असला की झाले, असे त्यांना सांगितले गेले आहे. ते खरे आहे का? आणि घेणाऱ्या शेतकऱ्यालाही काही कागद लागतो का?

गुमास्ता आणि जीएसटी पुरेसे नाहीत. गुमास्ता म्हणजे दुकान आहे याची नोंद. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर त्यासाठी नुसती सूचना दिली तरी चालते. जीएसटी हा कराचा विषय झाला. तुम्ही ॲसिड विकू शकता की नाही, हे या दोन्हींपैकी एकही कागद ठरवत नाही. त्यासाठी विष कायद्याखालचा परवाना लागतो, साठा उपविभागीय अधिकाऱ्याकडे म्हणजे एसडीओंकडे जाहीर करावा लागतो आणि प्रत्येक विक्रीची नोंदवही ठेवावी लागते. आणि हो, घेणाऱ्यालाही कागद लागतो.

मी नागपूरच्या बाजारात एका रसायन डेपोवर हिशेबनीस म्हणून लागलो. पुढे स्वतःचा परवाना काढला, आणि आता तालुक्याच्या ठिकाणच्या लहान विक्रेत्यांना कागदपत्रे करायला मदत करतो. 'केमिकलचे लायसन' नावाचा एकच कागद सगळ्या मालाला पुरतो, हा समज मला सगळीकडे भेटतो. असा कागद नाही. कोणता कायदा लागणार हे माल ठरवतो. म्हणून आधी तुमच्या यादीचे ढीग करू.

पहिला ढीग ॲसिडांचा, आणि सगळ्यात जास्त जबाबदारी त्याचीच. विष कायदा १९१९ चा आहे. त्यात कोणत्या वस्तूंना विष म्हणायचे आणि त्यांची विक्री कशी करायची याचे नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. आपल्याकडे महाराष्ट्र विष नियम, १९७२ आहेत. बरीच वर्षे ते फारसे कोणी उघडून पाहत नव्हते. तेजाबाची बाटली किराण्यात, भांड्यांच्या दुकानात, कुठेही मिळायची. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी आदेश दिला, तेव्हापासून चित्र पालटले. ज्या मुलीवर ॲसिड फेकले गेले, तिनेच २००६ मध्ये ही याचिका केली होती. तुमच्या दुकानात तारीख लिहून नोंदवहीवर सही घ्यायची ती या मुलीमुळे, हे लक्षात असू द्या. मग ते काम कटकटीचे वाटत नाही.

त्या आदेशाचा विक्रेत्यापुरता भाग असा. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि किती माल दिला हे लिहिणारी वही असल्याशिवाय ॲसिड विकायचे नाही. घेणाऱ्याने सरकारने दिलेले, फोटो आणि पत्ता दोन्ही असलेले ओळखपत्र दाखवले पाहिजे आणि ॲसिड कशाला हवे ते सांगितले पाहिजे. अठरा वर्षांखालच्या कोणालाही द्यायचे नाही. सगळा साठा एसडीओंकडे १५ दिवसांत जाहीर करायचा. जाहीर न केलेला साठा सापडला तर तो जप्त होतो आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाकीच्या अटी मोडल्या तरी दंडाची मर्यादा तीच आहे.

आता यात खेड्यात कुठे चुकते ते सांगतो.

ओळखपत्र म्हणून लोक पॅन कार्ड पुढे करतात. त्यावर फोटो असतो, पत्ता नसतो. ते चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना घ्या. 'आपल्याच गावचा आहे, ओळखतो मी त्याला' हे कारणही चालत नाही. ओळखीच्या माणसाची नोंद करायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःच्या काकांचीही नोंद करा, म्हणजे नंतर कोणाला वाईट वाटण्याचा प्रश्न राहत नाही.

पोराला सायकलवर पाठवून कॅन मागवणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट. 'बाबांनी सांगितलं, चिठ्ठी आहे' म्हणत तो येतो. चिठ्ठी असो की फोन असो, पोराच्या हातात द्यायचे नाही. माणूस स्वतः येऊ दे.

कारणाच्या रकान्यात नुसते 'ठिबक' किंवा 'शेतीकाम' लिहू नका. गट नंबर, किती एकरांवर ठिबक आहे, कोणते पीक, एवढे लिहा. तुम्ही स्वतः ठिबक बसवता, तेव्हा तीन एकराला किती ॲसिड लागते याचा अंदाज तुम्हाला आहे. त्याच्या चौपट मागितले तर विचारा. ज्याच्या शेतात ठिबकच नाही त्याने मागितले तर देऊ नका. शेतीसाठी हवे आहे म्हणून या आदेशात कोणतीही सूट नाही. आणि नकार दिल्याबद्दल तुमच्यावर कोणी कारवाई करू शकत नाही.

आणखी एक चूक हिशेबाची, आणि तपासणीत सगळ्यात जास्त दुकाने तिथेच अडकतात. कंपनीचे बिल किलोत येते आणि तुम्ही विकता लिटरमध्ये. ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक पाण्याच्या पावणेदोन पटीहून जड असते. एका लिटरचे वजन १.८४ किलो. म्हणजे ३५ लिटरच्या कॅनमध्ये सुमारे ६४ किलो माल असतो. तोच ३५ लिटरचा कॅन ३३ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिकचा असेल तर साधारण ४० किलो. खरेदीच्या वहीत ६४ आणि विक्रीच्या वहीत ३५ दिसले की तपासणाऱ्याला २९ किलो ॲसिड बेपत्ता दिसते. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, उत्तर देता येत नाही. म्हणून वहीत किलो आणि लिटर असे दोन्ही रकाने आखा आणि तीव्रताही लिहा. वही छापील पान क्रमांकांची, बांधणीची असावी. सुट्या कागदांवर लिहिलेली वही कोणी खरी मानत नाही.

परवान्यासाठी जागेचा कागद, नकाशा, ओळखपत्रे, विकायच्या प्रत्येक रसायनाचे नाव आणि जास्तीत जास्त साठा असा अर्ज करावा लागतो. पुष्कळ जण अर्जात नुसते 'ॲसिड' लिहितात. तसे करू नका. नियमांच्या यादीत काही रसायने ठरावीक टक्क्यांच्या वरच विष धरली आहेत, म्हणून प्रत्येक नावापुढे तीव्रता लिहा. परवाना मिळाल्यावर माल कुलपाच्या कपाटात किंवा खोलीत, बाकीच्या वस्तूंपासून वेगळा, लाल अक्षरांत 'विष' लिहून ठेवा. विक्री तुम्ही स्वतः करा किंवा तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. दुकानावर भाच्याला बसवून तुम्ही शेतात गेलात तर त्या वेळात ॲसिड विकले जाता कामा नये. किल्ली तुमच्या खिशात.

दुसरा ढीग कॉस्टिक सोड्याचा. तो ॲसिड नाही, म्हणून लोक त्याला साखरेसारखा पुडीत बांधून देतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये ॲसिडहल्ल्याच्या गुन्ह्यासाठी ॲसिडची जी व्याख्या आहे, ती मुद्दाम वाचा. ज्यात आम्लाचा किंवा क्षरणाचा गुण आहे किंवा जे भाजते, आणि ज्याने शरीरावर व्रण, विद्रूपता किंवा अपंगत्व येऊ शकते, ते सगळे त्यात धरले आहे. कॉस्टिक या व्याख्येत पूर्ण बसतो. या कलमाखाली कमीत कमी १० वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. ती हल्ला करणाऱ्याला आहे, विक्रेत्याला नाही. पण तपास करताना पोलीस पहिला प्रश्न विचारतात तो माल कोठून आला हा, आणि तेव्हा तुमच्याकडे नोंद असली पाहिजे. म्हणून कॉस्टिकसाठीही तीच वही, तेच ओळखपत्र अशी सवय मी लावून घेतली आहे. बचत गटाच्या बायांना कॉस्टिक देताना एक सांगायला विसरू नका: जर्मनच्या भांड्यात कालवायचा नाही. ॲल्युमिनियम त्यात विरघळते आणि हायड्रोजन सुटतो. चूल जवळ असेल तर भडका होतो. स्टील किंवा जाड प्लास्टिकचे भांडे घ्यायचे, आणि सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही.

तिसरा ढीग टीसीएलचा. ग्रामपंचायतीला पावडर देणे हे कागदाच्या दृष्टीने सगळ्यात सोपे. पिशवीवर आयएस १०६५ हे भारतीय मानक, उत्पादनाची तारीख आणि क्लोरीनचे प्रमाण पाहून घ्या. ताज्या मालात साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते. मात्र वैशाखात पत्र्याच्या गोदामात ती पावडर महिनाभर पडली तर त्यातला क्लोरीन उडून जातो. जलसुरक्षक ठरलेल्या मापाने टाकतो आणि गावाला वाटते की पाणी शुद्ध झाले. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा त्यामागे अशी मेलेली पावडरही असू शकते. म्हणून एप्रिल, मे महिन्यांत साठा कमी ठेवा, जुनी पिशवी आधी द्या आणि तारीख उलटलेली पावडर ग्रामपंचायतीला स्वस्तातही देऊ नका.

साठ्याबद्दल सांगायचे तर टीसीएल आणि ॲसिड एका खोलीत कधीही ठेवू नका. दोन्ही एकमेकांना लागले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या अडीचपट जड असतो, जमिनीलगत पसरतो, आणि बंद खोलीत माणसाला पाडू शकतो. तुमच्या ग्राहकाच्या शेतातही हाच धोका आहे. ठिबकात शेवाळ झाले की क्लोरीन देतात, क्षार झाले की ॲसिड देतात. घाईत दोन्ही एकाच टाकीत कालवणारे लोक आहेत. प्रत्येक विक्रीच्या वेळी हे तोंडाने सांगा: दोन्ही एका दिवशी करायचे नाही, मध्ये नळ्या भरपूर पाण्याने धुवायच्या. ॲसिड पाण्यात ओतायचे, ॲसिडमध्ये पाणी नाही. नायट्रिकच्या जवळ भुसा, सरकीची ढेप, पोती काहीही नको, आणि सांडले तर त्यावर लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेटतो. वाळू आणि चुना हाताशी ठेवा.

चौथा ढीग तुमच्या यादीत आज नाही, पण दुकान सुरू झाले की लोक विचारत येतील. थिनर, हेक्झेन, मिथेनॉल, सिलिंडरमधला अमोनिया किंवा क्लोरीन, अमोनियम नायट्रेट. यातल्या कशालाही हात लावू नका. पेट्रोलियमजन्य द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते तो, २३ अंशांखाली असेल तर तो पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे 'अ' वर्गात येतो. त्यात ३० लिटरपर्यंतची सूट आहे, पण ती विक्रीसाठी नसलेल्या मालाला. सोयाबीनचे तेल काढणाऱ्या कारखान्यांत लागणाऱ्या हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटला २००० सालचा वेगळा आदेश आहे. गॅस सिलिंडरांना २०१६ चे नियम, अमोनियम नायट्रेटला २०१२ चे नियम. यातले बहुतेक पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना पाहते, आणि विदर्भाचे नशीब असे की पेसोचे देशाचे मुख्यालयच नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. पुढे कधी त्या मालात उतरायचे ठरवले तर तिथे जाऊन विचारणे तुम्हाला मुंबईच्या व्यापाऱ्यापेक्षा सोपे आहे. ॲसेटिक अनहायड्राइडचे नाव कोणी काढले तर मात्र सरळ नाही म्हणा. ते हेरॉइन करायला लागते, त्याची नोंदणी अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोकडे असते आणि गावात त्याचा प्रामाणिक ग्राहक नसतो.

कृषी सेवा केंद्राचा परवाना असलेल्या मित्राच्या दुकानातून हा माल विकू, असेही काही जण सुचवतील. कीटकनाशकांचा परवाना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली कृषी खाते देते. तो कीटकनाशकांपुरताच आहे. ॲसिडला लागू नाही, आणि तुमचा विष परवाना कीटकनाशकांना लागू नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तो सगळा कीटकनाशकांचा प्रकार होता, पण आपल्या भागातल्या प्रत्येक विक्रेत्याने त्यातून घ्यायची गोष्ट एकच आहे. ज्याच्या हातात माल जातो तो बहुतेक वेळा मालक नसतो, मजूर असतो. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असते. त्याला कोणी काही सांगितलेले नसते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते.

डेपोवर असताना आमच्याकडून एका तालुक्याच्या दुकानाला हायड्रोक्लोरिकचे कॅन जायचे. दुकानदाराकडे परवाना होता, वही होती, सगळे चोख. एका उन्हाळ्यात एक शेतकरी आला. त्याला एकच लिटर हवे होते. "काही नाही होत भाऊ, दे ना थोडकंसं, अख्खा कॅन काय करू?" दुकानदाराने कॅनमधून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले. नाव लिहिले, सही घेतली. शेतकऱ्याने अर्धे वापरले आणि बाटली गोठ्याच्या फळीवर ठेवली. चार दिवसांनी सरी ओढून उन्हातून आलेल्या मजुराने ती पाणी समजून तोंडाला लावली. तो वाचला, पण अन्ननलिका जळाली आणि पुढे कितीतरी दिवस नळीने पोटात अन्न द्यावे लागले. मी त्याला दवाखान्यात पाहिले आहे. कॅनवर लेबल होते, धोक्याचे चिन्ह होते, कंपनीचे नाव होते. बाटलीवर काहीच नव्हते.

वहीत ती विक्री नीट लिहिलेली होती. तरीही जिथे ॲसिडचे नाव पुसले गेले, तो क्षण दुकानातच घडला होता. धोकादायक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली ते केले गेले. त्यांच्या नियम १७ प्रमाणे रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक असावे लागते, आणि डब्यावर आत काय आहे, ते कोणी बनवले आणि त्याचे गुणधर्म काय, हे लिहिलेले असावे लागते. मोठे कारखाने हे पाळतात. गावात येईपर्यंत एक ओतण्याची क्रिया होते आणि तो सगळा बंदोबस्त गळून पडतो. विषारी पदार्थ हाताळण्यात हयगय केली तर न्याय संहितेच्या कलम २८६ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कलमाची भीती घालायला मी हे सांगत नाही. त्या मजुराचा चेहरा आठवतो म्हणून सांगतो: सुटे विकू नका. एकही लिटर नाही.

मग कमी लागणाऱ्या शेतकऱ्याचे काय? दोन वाटा आहेत. एक, उत्पादकाकडून सीलबंद पाच लिटरचे कॅन घ्या. किलोमागे थोडे महाग पडतात, पण लेबल कारखान्यातून शेतापर्यंत जसेच्या तसे जाते. स्वतः मोठ्या कॅनमधून लहान कॅन भरून तुमच्या नावाचे लेबल लावायचा मोह होईल. तसे केले की तुम्ही नुसते विक्रेते राहत नाही. भरणे, पातळ करणे, पॅक करणे सुरू झाले की पॅकबंद मालाचे २०११ चे वजनमाप नियम लागतात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. सुरुवातीला त्यात पडू नका.

दुसरी वाट मला जास्त पटते, आणि ती तुमच्यासारख्याच माणसाला जमण्याजोगी आहे. ॲसिड विकू नका, ठिबक धुवून द्या. तुमच्याकडे व्हेंचुरी म्हणजे ठिबकाच्या पाण्यात ॲसिड ओढून सोडणारे साधन आहे, सामू मोजायच्या पट्ट्या आहेत, हातमोजे-चष्मा आहे, कौशल्य आहे. कॅन तुमच्याच गाडीत जाईल, तुम्ही मोजून द्याल, उरलेले परत आणाल आणि शेतकऱ्याला कामाचे बिल द्याल. त्याच्या गोठ्याच्या फळीवर काहीच राहणार नाही. तुम्हाला साठ्यासाठी परवाना आणि वापराची नोंद ठेवावीच लागेल, त्यातून सुटका नाही. पण विक्रीच्या वहीत शेकडो नावे लिहिण्याऐवजी वापराच्या वहीत शेतांची नावे येतील. आंबिया बहाराच्या आधी गावागावांत हे काम भरपूर मिळते.

घेणाऱ्याबद्दल थोडक्यात. शेतकऱ्याने ओळखपत्र दाखवणे, कारण सांगणे, सही करणे आणि बिल जपून ठेवणे एवढे पुरे. सोनार आणि बॅटरीवाले नियमित घेतात, त्यांच्या दुकानाच्या नोंदणीची प्रत एकदा घेऊन ठेवा, पण प्रत्येक खेपेची नोंद मात्र वेगळी. शाळा-महाविद्यालयांना त्याच २०१३ च्या आदेशाने वेगळी जबाबदारी दिली आहे. प्रयोगशाळेतल्या ॲसिडच्या वापराची वही ठेवायची, ती एसडीओंकडे सादर करायची, त्या ॲसिडला जबाबदार असा एक माणूस नेमायचा आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. म्हणून शाळेला माल देताना मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे मागणीपत्र आणि त्या जबाबदार व्यक्तीचे नाव मागा. शिपायाच्या तोंडी निरोपावर देऊ नका. ग्रामपंचायतीकडूनही लेखी मागणी घ्या.

वाहतूक हा भाग बहुतेक जण सोडूनच देतात. नागपूरहून माल आणताना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले १२९ पासूनचे नियम लागतात. गाडीच्या चालकाच्या परवान्यावर धोकादायक मालाची नोंद हवी, तिच्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. गाडीवर मालाचे नाव, युएन क्रमांक, वर्गाचे चौकोनी चिन्ह आणि आणीबाणीचे फोन नंबर असलेला फलक हवा. चालकाजवळ त्या मालाचे ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचे ते सांगणारे कार्ड हवे, ते पाठवणाऱ्याने द्यायचे असते. सल्फ्युरिकचा युएन क्रमांक १८३०, हायड्रोक्लोरिकचा १७८९, नायट्रिकचा २०३१. हे तीन आकडे पाठच करून ठेवा, गाडी उलटली तर अग्निशमनवाले पहिल्यांदा तेच विचारतात. भाजीच्या गाडीत, कुटाराखाली दडवून किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीत कॅन टाकून आणायचा नाही. एसटीत तर नाहीच. नरखेड-बडनेरा गाडी वरूडवरून जाते म्हणून रेल्वेने कॅन आणणारेही मी पाहिले आहेत. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि काही नुकसान झाले तर त्याची भरपाई वेगळी. तुमचे प्रमाण लहान असेपर्यंत योग्य गाडी असलेल्या वितरकाकडूनच दुकानपोच माल मागवा. भाडे जास्त द्यावे लागले तरी द्या.

रिकामे कॅन हा आणखी एक दुर्लक्षित विषय. ॲसिडचा निळा कॅन धुवून पिण्याचे पाणी भरायला, डिझेल आणायला, दूध न्यायलाही वापरला जातो. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत रसायनाने माखलेली रिकामी पिंपे व डबे हा कचऱ्याचा वेगळा प्रकार धरला आहे. कॅनमागे अनामत रक्कम घ्या, रिकामा परत आला की ती परत करा आणि सगळे कॅन वितरकाकडे धाडा. ही पद्धत चालते, मी ती चालवून पाहिली आहे. भंगारवाल्याला मात्र देऊ नका.

दंडाबद्दल विचारतात म्हणून सांगतो. विष कायद्यातला मूळ दंड जुना आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा आकडा पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. माल जप्त होतो, २०१३ च्या आदेशातला ५०,००० चा दंड वेगळा, आणि तुमच्या मालाने कोणाला इजा झाली तर न्याय संहिता वेगळी. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा ठरावीक प्रमाणावरच्या साठ्याला लागतो. तुमच्याएवढ्या दुकानाचा साठा तिथवर जाणार नाही. उदाहरणार्थ धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनच्या साठ्याची खालची मर्यादा १० टन आहे आणि अमोनियाची ६० टन. तरी दुकानाच्या विम्यात त्रयस्थाच्या इजेचा भाग जोडून घ्या. विमा कंपनीला मालाची खरी यादी द्या, 'शेतीपयोगी वस्तू' असे मोघम लिहून घेतलेला विमा वेळेवर उपयोगी पडत नाही.

सुरुवात अशी करा. आधी जागा पाहा: पक्की फरशी, दोन वेगळ्या खोल्या, वारा खेळता, जवळ पाण्याचा नळ, शेजारी घरवस्ती किंवा शाळा नको. ग्रामपंचायतीची ना हरकत घ्या. मग प्रत्येक रसायनाचे नाव, तीव्रता आणि जास्तीत जास्त साठा यांची यादी टाइप करून एसडीओ कार्यालयात जा. तुमच्या उपविभागात विष परवान्याचा अर्ज कोणाकडे करायचा हे आवक शिक्क्यासह लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. परवाना हातात येईपर्यंत नागपूरहून एकही कॅन आणू नका. नमुन्यादाखलसुद्धा नाही. वितरकाकडून प्रत्येक मालाचे सुरक्षा माहितीपत्रक घ्या आणि त्यातला प्रथमोपचाराचा भाग मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात लावा: अंगावर किंवा डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने सतत धुवा, पोटात गेले तर उलटी करवू नका, १०८ ला फोन करा, दवाखान्यात जाताना कॅनवरचे लेबल सोबत न्या. त्याची एक-एक प्रत प्रत्येक ग्राहकाच्या बिलाला टाचा, आणि मालकासोबत मजूर आला असेल तर ती त्यालाच वाचून दाखवा.